मटण, दही आणि आतड्याचा शेवटचा टप्पा

आखाडात सोलापुरातील मटणाच्या दुकानांपुढे रांगा लागतात आणि श्रावण उजाडताच मोबाइलवर एक ठरावीक संदेश फिरू लागतो: माणसाला वाघासारखे सुळे नाहीत, त्याचे आतडे लांब आहे, म्हणून मांसाहार निसर्गविरुद्ध आहे आणि खाल्लेले मांस पोटात सडते. श्रावण पाळण्यास कोणाचीच हरकत नसावी. त्याला शरीरशास्त्राचा खोटा दाखला जोडण्यास मात्र आहे. मांसातील प्रथिने जठरात आणि लहान आतड्यात पचतात. मोठ्या आतड्यात जिवाणू आंबवतात तो मुख्यतः भाजी-धान्यातील तंतुमय भाग. सुळ्यांचे काम तर हत्यारांनी कधीच हाती घेतले. इथिओपियात सापडलेल्या सुमारे २५ लाख वर्षांपूर्वीच्या हाडांवर दगडी पात्यांचे चरे आहेत. पचनमार्गातील सर्वाधिक जागा झाडपाला खाणाऱ्या गोरिलात मोठे आतडे व्यापते, माणसात लहान आतडे.

या वादाचा खरा निकाल ब-१२ या जीवनसत्त्वापाशी लागतो. ते ना वनस्पती तयार करतात ना प्राणी. ते केवळ जिवाणू आणि त्यांचे आर्किया नावाचे सूक्ष्म भाऊबंद तयार करतात. गाईच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यातील जिवाणू कोबाल्ट वापरून ते बनवतात आणि पुढे लहान आतड्यात ते शोषले जाते. आपल्याही मोठ्या आतड्यात ते बनवणारे जिवाणू आहेत, परंतु शोषणाची जागा त्यांच्या अलीकडे, लहान आतड्याच्या शेवटच्या टप्प्यात असल्याने तो माल वाया जातो. सशाची अडचण हीच. तो स्वतःची मऊ विष्ठा खाऊन ती सोडवतो. माणसाला ब-१२ अन्नातूनच मिळवावे लागते. जठरातील आम्ल आणि पेप्सिन हे पाचक विकर ते अन्नातील प्रथिनापासून सोडवतात; लाळेतून आलेले हॅप्टोकोरिन नावाचे प्रथिन त्याला धरते; स्वादुपिंडाची विकरे हॅप्टोकोरिन मोडतात; मग जठराच्याच पेशींनी स्रवलेला इंट्रिन्सिक फॅक्टर हा वाहक प्रथिन-रेणू त्याचा ताबा घेतो, आणि या जोडीला ओळखणारे ग्राहक-रेणू आतड्याच्या त्या शेवटच्या टप्प्यातच असतात. एवढा खटाटोप दिवसाला जेमतेम दोन-अडीच मायक्रोग्रॅमसाठी!

यावरून आपण वाघ ठरत नाही. लाळेतील अमायलेज या पिष्ट पचवणाऱ्या विकराच्या जनुकाच्या अनेक प्रती बाळगणारा माणूस पिष्ट पचवण्यातही पटाईत आहे, त्यामुळे ‘आदिमानवासारखे फक्त मांस खा’ हा नवा प्रचारही तितकाच पोकळ आहे. माणूस मिश्राहारी आहे, आणि प्राणिज अन्नाची त्याची अटळ गरज अल्प आहे. कडक भाकरी आणि शेंगाचटणीत ब-१२ नसते. चटणीत कालवलेल्या दह्यात असते. दूधदुभतेही वर्ज्य करणाऱ्यांनी मात्र गोळी घ्यावी. तिच्यातील ब-१२ कारखान्यातील टाक्यांत जिवाणूंकडूनच बनवून घेतलेले असते. उलट, आम्लपित्तासाठी वर्षानुवर्षे आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या व्यक्तीला, ती दर रविवारी मटण खात असली तरी, ब-१२ची कमतरता भासू शकते, कारण प्रथिनाला चिकटलेले जीवनसत्त्व सोडवणारे आम्लच तिच्या जठरात अपुरे पडते.