टनब्रिजची पेटी आणि तिच्यावरची लाकडी फुलं

जुन्या इंग्रजी पेटीच्या झाकणावर गुलाब दिसला की आधी पाकळीची कड बघावी. कड वळणदार आणि अखंड असेल तर ते मार्क्वेट्रीचं, म्हणजे लाकडाच्या पातळ पापुद्र्यांचे तुकडे कापून जडवलेल्या नक्षीचं काम. भरतकामाच्या टाक्यांसारखी पायऱ्यापायऱ्यांची असेल, तर पेटी बहुधा टनब्रिजची. दोन्हींत रंगाचं कुंचलाकाम नाही, दिसतात ती लाकडंच.

मार्क्वेट्रीची फुलं इंग्लंडमध्ये रुजली ती 1660 नंतर, दुसरा चार्ल्स गादीवर परतल्यावर. विद्या डच आणि फ्रेंच कारागिरांची. 1685 मध्ये फ्रान्सच्या प्रोटेस्टंटांचे धार्मिक हक्क काढून घेतले गेले, तेव्हा त्यांच्यातले अनेक कारागीर लंडनला आले. 1689 मध्ये तर डच विल्यमच राजा झाला. अक्रोडाच्या लाकडावर ट्यूलिप उमलू लागले. पातळ पापुद्र्यातून एकेक पाकळी बारीक करवतीने कापायची, आणि छाया हवी असेल तर तिची कड भडभुंज्याकडे असते तशा तापलेल्या वाळूत खुपसायची. कड करपून तपकिरी होई. एवढी मेहनत विकत घेणं श्रीमंतांनाच परवडे.

टनब्रिज वेल्स हे केंटमधलं गाव. तिथे 1606 मध्ये लोहयुक्त पाण्याचा झरा सापडला. बडी मंडळी प्रकृतीसाठी येऊ लागली आणि परतताना लाकडी वस्तू नेऊ लागली. 1830 च्या सुमारास तिथल्या कारागिरांनी पाकळी कापण्याऐवजी वेगळीच वाट धरली. लोकरीच्या भरतकामाचा चौकडीचा नमुना समोर घ्यायचा, एका चौकटीला एक अशा निरनिराळ्या लाकडांच्या बारीक काड्या सरसाने जोडून ठोकळा करायचा, मग तो आडवा कापायचा. अळूवडीचा उंडा कापला की प्रत्येक वडीत तेच वेटोळं दिसतं, तसा इथे प्रत्येक चकतीत तोच गुलाब. एका ठोकळ्यावर कितीतरी पेट्या सजत.

मला सगळ्यात मोहवतो तो पानांचा हिरवा रंग. रानात पडलेल्या ओकला एक बुरशी लागते आणि लाकूड आतून निळसर हिरवं होतं. तेच वेचून आणत. करड्या छटेसाठी लाकूड झऱ्याच्या पाण्यात मुरवत. ज्या पाण्यापायी गिऱ्हाईक गावात येई, तेच पाणी असं पेटीतही उतरे. एडमंड नाय या कारागिराने 1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनात हे काम मांडलं.

काड्या जोडून आडव्या कापायची हीच रीत आपल्याकडच्या सदेली कामातही आहे. सुरत-मुंबईचे कारागीर हस्तिदंत, आबनूस, चंदन आणि कथील घेऊन ते करत. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये या पेट्यांना ‘बॉम्बे बॉक्स’ म्हणत. त्यांच्यावर गुलाब नसतात, चांदण्या असतात.

शतक सरता सरता टनब्रिजचा धंदा ओसरला आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उरलेसुरले कारखानेही थांबले. गावातल्या ‘द अमेलिया स्कॉट’ संग्रहालयात या पेट्यांचा मोठा संग्रह आहे. अशा काही पेट्यांच्या तळाला कारखान्याचं छापील लेबल अजून चिकटलेलं असतं.