सरळसेवेचा अर्ज भरताना: पात्रता, दाखले आणि नेहमी होणाऱ्या चुका

सरळसेवेच्या, म्हणजे थेट सरकारी नोकरीच्या, भरतीची शेवटची तारीख जवळ आली की कोरेगावातल्या आमच्या अर्ज भरून देण्याच्या केंद्रासमोर रात्री नऊ वाजताही मुलं-मुली उभी असतात. कुणी वाठारवरून आलेलं, कुणी खटावकडच्या एखाद्या वाडीवरून शेवटची एसटी धरून. अभ्यासात ही मुलं कमी नाहीत, दिवसभर अभ्यासिकेत बसतात. फाईल उघडली की मात्र जीव कासावीस होतो. नॉन-क्रिमीलेअर (घरचं उत्पन्न ठराविक मर्यादेच्या आत असल्याचा दाखला) ३१ मार्चलाच संपलेलं असतं. दहावीच्या प्रमाणपत्रावर नाव एक, आधारवर दुसरं. डोमिसाईल, म्हणजे राज्यातल्या रहिवासाचा दाखला, तर काढलेलंच नसतं.

गेली काही वर्षं मी हे अर्ज भरून देते. ऑनलाइन अर्जाला तुमचा दाखला दिसत नाही, हे आधी लक्षात घ्या. बऱ्याच भरत्यांत तुम्ही फक्त ‘आहे’ वर टिक करता, दाखल्याचा नंबर आणि तारीख टाकता आणि अर्ज पुढे जातो. परीक्षा होते, यादीत नाव लागतं, गावात पेढे वाटले जातात. त्यानंतर कागदपत्र पडताळणीला टेबलापलीकडे बसलेला माणूस पहिल्यांदा तो कागद हातात घेतो. अर्जात सांगितलेलं आणि कागदावर लिहिलेलं तिथे जुळलं नाही, तर वर्षाची मेहनत तिथेच थांबते. म्हणून चुका पडताळणीच्या टेबलापासून उलट्या मोजत आले की अर्ज नीट भरला जातो.

वय आणि शिक्षण कोणत्या तारखेला मोजतात

राज्य सरकारच्या बहुतेक सरळसेवा पदांना कमाल वय खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागास प्रवर्गाला ४३ वर्षं आहे. दिव्यांगांना आणि प्रकल्पग्रस्तांना ते साधारण ४५ पर्यंत असतं. माजी सैनिकांसाठी सेवेची वर्षं धरून वेगळा हिशोब होतो. पोलीस शिपायाला मात्र १८ ते २८, मागास प्रवर्गाला ३३. हे वय आजच्या तारखेला मोजत नाहीत. जाहिरातीत ‘या दिनांकास’ असं लिहिलेलं असतं, तीच तारीख धरायची, आणि जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्रावरची.

शिक्षणाचंही तेच. शेवटच्या सेमिस्टरचा निकाल लागायचा आहे आणि मुलगी ‘पदवीधर’ वर टिक करते, कारण परीक्षेपर्यंत निकाल लागेलच असं तिला वाटतं. लागतोही, पण गुणपत्रिकेवरची तारीख अर्जाच्या शेवटच्या तारखेनंतरची निघते. काही जाहिरातींत शेवटच्या वर्षाला असलेल्यांना बसू देतात, तेव्हा तसं स्पष्ट छापलेलं असतं. छापलेलं नसेल तर गृहीत धरू नका. एमएस-सीआयटीचं आणि टंकलेखनाचंही असंच. लिपिक-टंकलेखक पदाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट मागतात, आणि क्लास लावला आहे एवढ्यानं भागत नाही.

नॉन-क्रिमीलेअर

सगळ्यात जास्त जागा या एका कागदानं जाताना मी पाहिल्या आहेत. इतर मागास वर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग आणि मराठा समाजासाठी २०२४ च्या कायद्यानं आलेला एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग), या सगळ्यांना जातीच्या दाखल्यासोबत हे लागतं. अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमातींना लागत नाही. उत्पन्नाची मर्यादा ८ लाख आहे आणि तीन वर्षांचं उत्पन्न बघतात.

दाखल्यावर वैधतेची मुदत लिहिलेली असते, ती ३१ मार्चला संपते. एप्रिल-मेमध्ये जाहिरात आली की निम्म्या लोकांचा दाखला नुकताच मेलेला असतो. लोकसेवा हक्क कायद्यानुसार तो द्यायला २१ दिवसांची मुदत आहे. अर्जाची मुदत तेवढ्याच दिवसांची असली तर गणित जमत नाही. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे आलेल्या एका मुलीनं जुन्या दाखल्याचा नंबर टाकून अर्ज भरला, ‘नवा मिळेल तेव्हा दाखवू’ म्हणून. नवा मिळाला तो शेवटच्या तारखेनंतर चार दिवसांनी. गुण पुरेसे होते, आणि ती चार दिवसांनी हुकली. तिच्या वडिलांचा चेहरा मला अजून आठवतो. तेव्हापासून मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगते, जाहिरात असो-नसो, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तलाठ्याकडून उत्पन्नाचा दाखला घ्या आणि नॉन-क्रिमीलेअरला अर्ज टाका.

लग्न झालेल्या बहिणींसाठी एक गोष्ट सांगते. जात आणि नॉन-क्रिमीलेअर दोन्ही माहेरकडून बघतात. नवऱ्याच्या उत्पन्नावर काढलेला दाखला उपयोगाचा नाही. आणि खुल्या प्रवर्गातल्या महिलांना महिला आरक्षणासाठी पूर्वी नॉन-क्रिमीलेअर लागायचं, ती अट ४ मे २०२३ च्या शासन निर्णयानं गेली. तरीही या दाखल्याअभावी ‘महिला आरक्षण नको’ वर टिक करणाऱ्या मुली अजून येतात आणि आपल्याच हातानं हक्काची जागा सोडतात.

राज्याचा नमुना, केंद्राचा नमुना

रेल्वे, स्टाफ सिलेक्शन, टपाल खातं, राष्ट्रीयीकृत बँका हे सगळं केंद्राकडचं. तिथे राज्याचा दाखला चालत नाही, केंद्राच्या नमुन्यातला वेगळा काढावा लागतो. सेतूत किंवा आपले सरकार पोर्टलवर अर्ज करतानाच हे सांगायचं असतं.

प्रवर्गाची नावंही बदलतात. माण-खटावमधला धनगर समाजाचा मुलगा राज्याच्या भरतीत भटक्या जमाती ‘क’ मध्ये येतो. केंद्राच्या अर्जात तो रकानाच नाही, तिथे तो ओबीसी असतो. रकाना दिसला नाही म्हणून कितीतरी मुलं खुल्या प्रवर्गातून अर्ज भरतात, आणि वय, शुल्क, गुणांची सवलत सगळंच जातं. मराठा उमेदवार राज्यात एसईबीसीतून अर्ज करतो, पण केंद्रात हा प्रवर्ग नाही. पात्र असेल तर त्यानं तिथे आर्थिक दुर्बल घटक, म्हणजे ईडब्ल्यूएस, निवडायचा.

या ‘पात्र असेल तर’ मध्ये आपल्या दुष्काळी तालुक्यांचं दुखणं आहे. केंद्राच्या ईडब्ल्यूएसला ८ लाखांच्या मर्यादेबरोबर मालमत्तेचीही अट आहे, आणि कुटुंबाकडे ५ एकर किंवा जास्त शेती असेल तर दाखला मिळत नाही. म्हसवडकडची सहा एकर जिरायत आणि कराडची सहा एकर ऊस-बागायत, दोन्ही कागदावर सारखीच. मला हे अन्यायाचं वाटतं. पण नियम आहे तोवर सातबारा लपवून दाखला काढायच्या भानगडीत पडू नका, नोकरी लागल्यावरही तो रद्द होऊ शकतो.

जातीचा दाखला आणि वैधता

जातीचा दाखला प्रांत कार्यालयातून मिळतो. त्यासाठी ठराविक तारखेपूर्वीचा रहिवास आणि जातीची नोंद लागते: अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागास आणि विशेष मागास वर्गाला १३ ऑक्टोबर १९६७. म्हणजे वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला पुरेलच असं नाही, बहुतेक वेळा आजोबांपर्यंत जावं लागतं. शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, गाव नमुना १४ मधली जन्म-मृत्यूची नोंद (आपल्याकडे कोतवाल बुक म्हणतात ते), जुने महसुली कागद, जे मिळेल ते. बरेच कागद मोडीत असतात, वाचून घ्यायला वेळ लागतो.

पाटण, जावळीकडची कितीतरी घरं मुंबईला गिरणीत नाहीतर माथाडीत गेली. मुलं तिकडेच जन्मली. नोकरीचा अर्ज मुंबईत भरला तरी दाखला मुळात त्या तारखेला घर जिथे होतं तिथल्या प्रांताकडून निघतो. गणपतीला किंवा जत्रेला गावी याल तेव्हा शाळेतून आजोबांचा उतारा मागून ठेवा.

वैधता प्रमाणपत्र, म्हणजे जातीचा दाखला खरा असल्याचा निर्वाळा, ही पुढची पायरी, ते जिल्हा जात पडताळणी समिती देते. अनुसूचित जमातींसाठी समिती वेगळी असते. काही भरत्यांत ते सुरुवातीलाच मागतात, काहींत नियुक्तीनंतर मुदत देतात. बारावीला किंवा इंजिनिअरिंगला जाताना काढलेली वैधता असेल तर तीच नोकरीला चालते, दुसरी काढायची गरज नाही. वडील, चुलते किंवा सख्ख्या भावाची वैधता असेल तर ती अर्जाला जरूर जोडा.

समांतर आरक्षणाचे रकाने

समांतर आरक्षण म्हणजे जातीच्या प्रवर्गासोबत मिळणारं, प्रकल्पग्रस्त, खेळाडू, माजी सैनिक अशांचं आरक्षण. सातारा जिल्ह्याला हे जास्त लागू आहे, आणि तरीही लोक हे रकाने घाईत पार करतात. कोयना, धोम, कण्हेर, उरमोडी, तारळी या धरणांत जमीन गेलेल्या घरांना प्रकल्पग्रस्तांचं ५ टक्के आरक्षण आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपात घर पडलेल्यांच्या वारसांना भूकंपग्रस्ताचा दाखला मिळतो, त्यासाठी २ टक्के जागा असतात. घरात दाखला आजोबांच्या नावावर असतो आणि नातवानं ‘आमच्याकडे आहे’ म्हणून टिक केलेली असते. तो दाखला तुमच्या नावावर करून घ्यावा लागतो, आणि एका दाखल्यावर घरातल्या एकालाच लाभ मिळतो. भावानं आधीच घेतला असेल तर विचारून घ्या.

खेळाडूंना ५ टक्के जागा आहेत. कुस्ती, खो-खो, कबड्डीत राज्यस्तरावर खेळलेली मुलं आपल्याकडे कमी नाहीत. पण स्पर्धेचं प्रमाणपत्र म्हणजे आरक्षणाचा दाखला नव्हे. क्रीडा विभागाच्या उपसंचालकांकडून त्याची पडताळणी झालेली लागते, आणि तीही अर्जाच्या आधी. अपशिंगे मिलिटरीसारखी गावं असलेल्या जिल्ह्यात माजी सैनिकांना वेगळं सांगायला नको, तरी सांगते. हे आरक्षण स्वतः सेवा केलेल्याचं आहे, मुलानं वडिलांच्या डिस्चार्ज बुकावर टिक करायची नाही.

अर्ज करताना आरक्षण मागितलं नाही तर नंतर मागता येत नाही. आणि नसलेला दाखला मागितला तर उमेदवारी जाते. दोन्ही बाजूंनी दार बंद होतं, म्हणून या पानावर पाच मिनिटं जास्त घालवा.

नाव, फोटो, सही

नाव दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे लिहा. आधारवर वेगळं असेल तर जाहिरातीची वाट न बघता आधार दुरुस्त करून घ्या. लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह नोंदणी दाखला आणि राजपत्र जवळ हवं, अर्जात नावबदलाचा रकाना असतो तो भरा.

फोटो-सहीचा आकार जाहिरातीत केबीसकट दिलेला असतो. आयबीपीएसच्या, म्हणजे बँक भरतीच्या, अर्जात सही सुटी कॅपिटल अक्षरं काढून केलेली चालत नाही आणि हस्तलिखित घोषणा इंग्रजीत, स्वतःच्या अक्षरात लागते. ती आमच्यासारख्या केंद्रवाल्यानं लिहून द्यायची नसते, मागूही नका.

किती ठिकाणी अर्ज

पोलीस भरतीत एका पदासाठी एकच अर्ज करता येतो. साताऱ्यातून शिपाई आणि मुंबईतूनही शिपाई असे दोन भरले तर अपात्र ठरवतात. शिपाई आणि चालक ही पदं वेगळी आहेत, तिथे वेगवेगळे अर्ज चालतात. २०२३ च्या तलाठी भरतीतही एकाच जिल्ह्यासाठी अर्ज करता येत होता. कुठे भरायचं ते जागा बघून, आपल्या प्रवर्गाला त्या जिल्ह्यात किती आहेत ते तक्त्यात वाचून ठरवा. तक्ता जाहिरातीच्या शेवटी असतो आणि तिथपर्यंत फार थोडे लोक जातात. पोलिसाला उंची पुरुषांना १६५ आणि महिलांना १५५ सेंटिमीटर लागते, ती दवाखान्यात नीट मोजून मग पैसे भरा.

शुल्क

त्या तलाठी भरतीला खुल्या प्रवर्गाला १००० आणि मागास प्रवर्गाला ९०० रुपये होते. शेतमजुराच्या घराला ही रक्कम लहान नाही, आणि ती परत मिळत नाही. शेवटच्या रात्री सर्व्हर रडतो, खात्यातून पैसे जातात आणि अर्ज ‘पेंडिंग’ दाखवतो. पैसे कापल्याचा मेसेज म्हणजे अर्ज भरला असं नाही. लॉगिन करून ‘यशस्वी’ दिसतंय का बघा आणि पावती छापून घ्या. शेवटचे तीन दिवस सोडून अर्ज भरला तर यातलं बहुतेक टळतं. कुणी ‘सेटिंग आहे, एवढे द्या’ म्हणून भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा, मग तो पाहुण्यांतला का असेना.

मोबाईल नंबर आणि ईमेल

ओटीपी लगेच मिळावा म्हणून मुलं केंद्रवाल्याचा नंबर देतात, किंवा जाहिरात बघून कुठल्याशा ऑफरचं नवीन सिम घेतात. प्रवेशपत्र, उत्तरतालिकेवरच्या हरकती, पडताळणीची तारीख, सगळं त्याच नंबरवर आणि त्याच ईमेलवर येतं. कधी वर्षानं, कधी त्याहून उशिरा. माझ्या जुन्या फोनवर अजूनही अनोळखी मुलांचे मेसेज येतात. कुणाचे आहेत ते शोधून मी कळवायचा प्रयत्न करते, दरवेळी सापडतातच असं नाही. स्वतःच्या नावाचं सिम, स्वतःचा ईमेल आणि त्याचा पासवर्ड वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, ती वही दाखल्यांच्या फाईलमध्येच राहू द्या, आणि त्या सिमला दर महिन्याला रिचार्ज मारा.