भिगवणला ऑक्टोबरात जाऊन बघा

भिगवण म्हटलं की सगळे फ्लेमिंगोसाठी जानेवारी-फेब्रुवारीत जातात, पण मला विचाराल तर खरी मजा दसरा-दिवाळीच्या आसपास असते. तेव्हा पाऊस बरा झाला असेल तर उजनीचं बॅकवॉटर तुडुंब असतं, फ्लेमिंगोला लागतो तो चिखल अजून पाण्याखालीच असतो, आणि उत्तरेकडचे पक्षी रोज थोडे थोडे उतरत असतात.

मागच्या ऑक्टोबरात सकाळी साडेसहाला कुंभारगावच्या काठावर बसलो होतो. समोर हातभर चिखलाची पट्टी, आणि तिच्यावर एकटाच एक टिलवा, म्हणजे लिटल स्टिंट, मान वर न करता भराभर चिखल टोचत चाललेला. चिमणीएवढा जीव, दहा रुपयांची तीन-चार नाणी हातात घेतली की जेवढं वजन लागतं तेवढाच. दुर्बिणीतून पाठीवर पांढऱ्या रेघांचा व्ही दिसला आणि मी थक्कच झालो, कारण ती खूण यंदाच्या पिल्लाची! जून-जुलैत आर्क्टिकजवळच्या टुंड्रात अंड्यातून बाहेर आलेलं हे पोर, आईबाप आधीच निघून जातात, म्हणजे रस्ता दाखवायला कुणी नाही. कुठल्या दिशेला उडायचं हे उपजतच असतं, आणि ती दिशा धरायला सूर्य, तारे, पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र यांचा आधार.

थंडी पडली म्हणून पक्षी निघतात असं आपल्याला वाटतं. पण तयारी त्याच्या आधीच सुरू होते, दिवस लहान व्हायला लागला की शरीरात बदल होतात, पक्षी अधाशासारखं खातात आणि चरबी साठवतात, तेच त्यांचं प्रवासाचं पेट्रोल.

बदकं बघताना मात्र गोंधळ होतो. थापट्याचा नर हिरव्या डोक्याचा असतो असं पुस्तकात वाचून जावं तर ऑक्टोबरात सगळे मादीसारखे तपकिरीच दिसतात. उत्तरेकडच्या उन्हाळ्यात त्यांची उडायची पिसं एकदम गळतात, काही आठवडे उडताच येत नाही, तेव्हा लपायला हा मळकट रंग बरा पडतो, मग हिवाळा सरकेल तसा हिरवा रंग परत चढतो.

पट्टकदंब, म्हणजे बार-हेडेड गूज हे रानहंस, येतात उशिरा, नोव्हेंबरनंतर. हिमालय ओलांडताना ट्रॅकर लावलेला एक तर 7,290 मीटरवर नोंदला गेलाय! त्यांचं हिमोग्लोबिन विरळ हवेतला ऑक्सिजन जास्त घट्ट पकडतं.

त्या सकाळी तेवढ्यात वरून दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी गेला, टिलवा चिर्र करत उडाला, आणि पाच मिनिटांत परत त्याच पट्टीवर टोचायला हजर.