पाण्याच्या बाटलीवरून झालेला वाद

१९६२ साली जपानहून एक रसायनशास्त्रज्ञ बाई कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेत दाखल झाल्या. कात्सुको सारुहाशी त्यांचं नाव. वय चाळिशीच्या पुढे, टोकियो विद्यापीठातून रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेल्या पहिल्या स्त्री. त्या तिथं शिकायला आल्या नव्हत्या, व्याख्यानं द्यायलाही नाही. खरं तर त्यांची परीक्षाच होती. समुद्राच्या पाण्यातलं किरणोत्सारी सीझियम मोजण्याची त्यांची पद्धत बरोबर, की अमेरिकी शास्त्रज्ञ थिओडोर फॉलसम यांची, याचा एकदाचा निकाल लावायचा होता. पाणी तेच, पद्धती दोन, आणि शेवटी आकडे शेजारी शेजारी ठेवून बघायचे.

भांडणाचं मूळ आठ वर्षं जुनं होतं. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेनं पॅसिफिकमधल्या बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. हा स्फोट हिरोशिमाच्या बॉम्बपेक्षा सुमारे हजारपट मोठा होता. जाहीर केलेल्या धोक्याच्या क्षेत्राबाहेर ‘लकी ड्रॅगन’ ही जपानी मासेमारी बोट होती, तिच्यावरच्या २३ जणांच्या अंगावर पांढरी राख पडली. सगळे आजारी पडले, सप्टेंबरमध्ये त्यांतला एक दगावला. जपानमध्ये लोक मासे विकत घ्यायला घाबरू लागले. समुद्रात नेमकं किती विष उतरलंय हे मोजायचं काम सरकारनं ज्या प्रयोगशाळेकडे दिलं, तिथं सारुहाशीबाई काम करत होत्या.

हे काम ऐकायला सोपं वाटतं. अणुस्फोटातून निघणारं सीझियम-१३७ पाण्यात मिठासारखं विरघळतं आणि त्याचं अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मं व्हायला लागणारा काळ, तीस वर्षांचं. म्हणजे पाणी जाईल तिकडे तेही जाणार आणि बराच काळ टिकणार. प्रवाहात रंग सोडावा तसं. पण त्याचं प्रमाण इतकं नगण्य, की पिंपभर पाणी आटवून, गाळून, रसायनं घालून ते वेगळं काढावं लागतं. त्यात सीझियम हे पोटॅशियमचं भावंड. समुद्रात पोटॅशियम मुबलक, आणि त्याचा थोडा अंश स्वतःच किरणोत्सारी! मोजणी करताना हा भाऊ मध्ये लुडबुडला तर आकडा गेलाच. अशा कामात हात किती स्वच्छ आणि सवय किती काटेकोर, यावर सगळं अवलंबून असतं.

जपानी गटाला आढळलं ते असं, की अमेरिकेच्या किनाऱ्याजवळच्या पाण्यापेक्षा जपानजवळच्या पाण्यात सीझियम बरंच जास्त आहे. अमेरिकी शास्त्रज्ञांना ते पटेना. एवढा अफाट महासागर, त्यात सगळं सारखंच विरून जाणार, असा तेव्हाचा समज. मोजणीतच चूक असणार, असं ते म्हणत होते. पण महासागर म्हणजे ढवळून ठेवलेलं भांडं नव्हे. बिकिनीजवळचं पाणी विषुववृत्ताच्या उत्तरेकडल्या प्रवाहाबरोबर पश्चिमेला जातं, फिलिपिन्सजवळ उत्तरेला वळतं आणि कुरोशियो प्रवाह होऊन जपानच्या कुशीवरून पुढं सरकतं. कॅलिफोर्नियापर्यंत पोहोचेतो त्यात दुसरं पाणी भरपूर मिसळलेलं असतं.

स्क्रिप्समधल्या त्या तुलनेत दोघांचे आकडे जुळले. सारुहाशीबाईंच्या पद्धतीत खोट नव्हती, म्हणजे त्यांचा निष्कर्षही टिकला. पुढच्याच वर्षी अमेरिका, सोव्हिएत संघ आणि ब्रिटन यांनी हवेत, पाण्यात आणि अवकाशात अणुचाचण्या न करण्याचा करार केला. त्याचं श्रेय एका प्रयोगशाळेला द्यायला मी धजावणार नाही. त्यामागं राजकारण बरंच होतं. तरी ‘आमच्या समुद्रात विष आलंय’ असं म्हणणाऱ्याच्या हातात प्रतिपक्षाच्याच प्रयोगशाळेत तावूनसुलाखून निघालेला आकडा असणं, ही साधी गोष्ट नाही.

समुद्राच्या बाबतीत आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हटलं की डोळ्यांपुढे झेंडे आणि हस्तांदोलनं येतात. माझ्या मते त्याची खरी जागा पाण्याच्या बाटलीत आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मार्टिन क्नुडसेन या डॅनिश शास्त्रज्ञाच्या पुढाकारानं कोपनहेगनमध्ये ‘प्रमाणित समुद्रपाणी’ तयार होऊ लागलं. क्षारता नेमकी ठाऊक असलेलं पाणी काचेच्या नळीत बंद करून देशोदेशी पाठवायचं आणि प्रत्येकानं आपली मोजणी त्याच्याशी ताडून बघायची. तसं नसतं तर नॉर्वेचं खारट आणि पोर्तुगालचं खारट यांची तुलनाच करता आली नसती.

आज हीच गोष्ट कार्बनच्या बाबतीत चालते, आणि इथंही सारुहाशीबाई भेटतात. माणूस हवेत सोडतो त्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे पाव हिस्सा समुद्र गिळतो. त्यानं पाण्याचा सामू (पीएच; तो उतरला की पाणी आम्लाकडे झुकतं) ८.२ वरून ८.१ वर आलाय. फरक एवढासाच दिसतो, पण हे मोजमाप लॉगॅरिदमचं असल्यानं हायड्रोजन आयन जवळजवळ तीस टक्क्यांनी वाढलेत. दरवर्षीचा बदल दोन सहस्रांशाच्या आसपास, म्हणजे उपकरण जरा हललं की हरवणारा. पाण्यातला कार्बन कोणत्या रूपात किती आहे हे तापमान, क्षारता आणि सामू यांवरून काढायचा तक्ता सारुहाशीबाईंनी १९५५ साली प्रसिद्ध केला होता. संगणक येईपर्यंत समुद्रशास्त्रज्ञ तोच उघडून बसत. आता जगभरच्या प्रयोगशाळा आपली मोजणी ज्या संदर्भ-बाटल्यांशी ताडतात, त्या अनेक वर्षं स्क्रिप्समधूनच येतात. कोविडच्या काळात तिथलं काम थंडावलं तेव्हा या बाटल्यांची टंचाई झाली. सगळ्या जगाची मोजपट्टी एकाच खोलीत ठेवू नये हे शहाणपण त्यानंतर सुचलं!

मोजपट्टी झाली, पण मोजायला कोणाला जाऊ द्यायचं? मारी थार्प यांचा जन्मही सारुहाशीबाईंसारखाच १९२० चा. अमेरिकेत त्या जहाजांवरून आलेल्या प्रतिध्वनींच्या नोंदींवरून समुद्रतळाचे आलेख काढत. आवाज पाण्यात सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर जातो. तो तळाला आपटून परत यायला लागणाऱ्या वेळावरून खोली कळते. त्या नोंदी घ्यायला मात्र त्यांना जाता येत नसे, कारण बाई जहाजावर चढली की अपशकुन! १९५२ च्या सुमारास अटलांटिकच्या मधोमध असलेल्या पर्वतरांगेच्या माथ्यावर त्यांना एक खोल खाच सलग दिसली. सहकारी ब्रूस हीझन यांनी आधी ते ‘बायकी बडबड’ म्हणून उडवून लावलं. मग भूकंपांची केंद्रं नकाशावर मांडली, तर ती नेमकी त्या खाचेत पडत होती. भूखंड सरकतात या कल्पनेला तिथून बळ मिळत गेलं.

या कथेतली मला जास्त आवडणारी बाब वेगळीच आहे. शीतयुद्धामुळे खोलीचे नेमके आकडे गुप्त ठेवलेले, म्हणून सारख्या खोलीच्या जागा जोडणाऱ्या समोच्च रेषांचा नकाशा छापायची सोय नव्हती. थार्पबाईंनी मग विमानातून खाली बघावं तसं डोंगरदऱ्यांचं चित्रच काढलं. गुप्ततेवर काढलेली ही पळवाट, आणि तिच्यामुळेच सामान्य माणसाला समुद्राचा तळ पहिल्यांदा ‘दिसला’. समुद्रतळाचा आधुनिक उपकरणांनी मोजलेला भाग आजही चौथ्या हिश्श्याहून थोडाच जास्त आहे.

आता समुद्रसंशोधकांत बायका सुमारे ३९ टक्के आहेत, असं युनेस्कोच्या २०२० च्या अहवालात दिसतं. मासेमारीत चित्र निराळं आहे. जागतिक अन्न आणि कृषी संघटनेनुसार प्रत्यक्ष मासेमारी आणि मत्स्यशेतीत बायका साधारण एक चतुर्थांश, पण माशांवर प्रक्रिया करण्यात साठ टक्क्यांच्या वर. त्यातही ओहोटीच्या वेळी खडकांवर शिंपल्या, खेकडे, ऑक्टोपस वेचणाऱ्या बायकांची बरीचशी मिळकत कुठल्याच वहीत चढत नाही, कारण वही ठेवणारा बोटीची वाट बघत धक्क्यावर उभा असतो. मादागास्करच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर आंदावादोआका गावाजवळ २००४ मध्ये गावकऱ्यांनी खडकाचा एक पट्टा काही महिने ऑक्टोपस वेचायला बंद ठेवला. तिथल्या वेचणीत बायकांचा मोठा वाटा. ऑक्टोपस अल्पायुषी, पण वाढतो झपाट्यानं. पट्टा उघडल्यावर मोठमोठे ऑक्टोपस हाती लागले आणि शेजारच्या गावांनी हीच युक्ती उचलली. जगातल्या मासेसाठ्यांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक साठे ओरबाडले जात असताना, जो रोज त्या खडकावर वाकतो त्याला किंवा तिला विचारून नियम केला तर तो पाळला जातो.

किनाऱ्यापासून दूर, कोणत्याच देशाचा नसलेला समुद्र एकूण महासागराच्या जवळजवळ दोन तृतीयांश आहे. तिथल्या जीवसृष्टीबद्दलचा करार जुळायला दोन दशकं गेली. ४ मार्च २०२३ च्या रात्री न्यूयॉर्कमध्ये दीड दिवस सलग चाललेली बैठक संपवताना परिषदेच्या अध्यक्षा, सिंगापूरच्या रीना ली म्हणाल्या, ‘जहाज किनाऱ्याला लागलं.’ १९ सप्टेंबर २०२५ ला साठ देशांची मान्यता पूर्ण झाली आणि १७ जानेवारी २०२६ पासून करार लागू झाला.

करारात मला सर्वांत बोलका वाटला तो एक रूक्ष कलमांचा भाग. या समुद्रातून जनुकीय संशोधनासाठी नमुने घ्यायचे तर शक्यतो सहा महिने आधी कळवायचं. त्या संशोधनाचा फायदा सगळ्यांत वाटून घेण्यासाठीच्या समितीत स्त्री-पुरुष आणि निरनिराळे भूप्रदेश यांचा समतोल बघायचा. आणि घेतलेल्या नमुन्यांना एक ओळखक्रमांक लागतो. पुढं त्यावर शोधनिबंध लिहिला, पेटंट मागितलं, औषध विकलं, तरी तो क्रमांक बरोबर जातो. म्हणजे बाटली कोणी, कधी, कुठल्या लाटेतून भरली हे आता तिच्यावरच लिहिलेलं असेल.