तरुण वयातली लघवीगळती: मोजणीत उशिरा आलेला त्रास

खोकलं, शिंकलं, पळालं की लघवीचे थेंब गळणं हे म्हातारपणी किंवा तीन-चार बाळंतपणांनंतरच होतं, असं घराघरांत मानलं जातं. वैद्यकानेही फार काळ तसंच मानलं. तरुण मुलींना कुणी विचारलंच नाही.

या विषयाची सुरुवात मात्र एका तरुण मुलीपासूनच होते. १८४५ ते १८४९ या काळात अमेरिकेतल्या अलाबामात जे. मॅरियन सिम्स या डॉक्टरने गुलाम स्त्रियांवर शस्त्रक्रियेचे प्रयोग केले. अडलेल्या बाळंतपणात मूत्राशय आणि योनी यांच्यामध्ये भोक पडल्याने त्यांची लघवी सतत झिरपत असे. त्यांतली अनार्का सतराच्या आसपासची होती. तिच्यावर तीसेक वेळा शस्त्रक्रिया झाली, तीही भूल न देता. स्त्रीरोगशास्त्राच्या इतिहासात सिम्सचं नाव मोठं झालं. अनार्का आणि तिच्यासारख्याच प्रयोग सोसलेल्या बेट्सी आणि ल्यूसी यांची नावं त्याच्या बरोबरीने घेतली जायला दीड शतक जावं लागलं.

पुढे १९४८ मध्ये अमेरिकेतल्याच डॉक्टर अर्नोल्ड केगेल यांनी लघवी रोखून धरणारे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू व्यायामाने बळकट करता येतात हे मांडलं आणि त्यांची ताकद मोजायचं उपकरणही बनवलं. तरी हा व्यायाम बाळंतपणानंतरचा, असाच समज राहिला.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो व्याख्येतला बदल. इंग्लंडमधल्या एक्सेटर इथे १९७१ मध्ये या विषयाची आंतरराष्ट्रीय संघटना सुरू झाली. तिच्या जुन्या व्याख्येप्रमाणे गळती ‘सामाजिक किंवा स्वच्छतेची अडचण’ ठरायला हवी होती आणि तपासणीत दिसायलाही हवी होती. आता पंचविशीतली एखादी मुलगी घ्या. ती झुंबा क्लासच्या आधी दोन तास पाणी पीत नाही, काळीच लेगिंग घालते, निघण्यापूर्वी दोनदा बाथरूमला जाते आणि दोरीवरच्या उड्या आल्या की ‘गुडघा दुखतोय’ म्हणून बाजूला उभी राहते. अडचण दिसू नये म्हणूनच तिने सगळा दिवस बेतलेला असतो, आणि म्हणून ती त्या व्याख्येबाहेर राहते. २००२ मध्ये व्याख्या सोपी झाली: आपोआप लघवी गळत असल्याची कोणतीही तक्रार. बाईचं सांगणं पुरेसं ठरलं.

तोवर आकडेही समोर येऊ लागले होते. १९९४ मध्ये अमेरिकेत कॉलेजच्या १४४ महिला खेळाडूंची पाहणी प्रसिद्ध झाली. सरासरी वय विशीच्या आत, एकीचंही बाळंतपण झालेलं नाही. तरी २८ टक्के जणींना खेळताना गळती होत होती. जिम्नॅस्टिक्समध्ये प्रमाण सर्वाधिक, गोल्फमध्ये शून्य. उडी मारून जमिनीवर आदळताना पोटातला दाब एकदम वाढतो आणि तळाच्या स्नायूंना तो क्षणात पेलावा लागतो. नॉर्वेतल्या मोठ्या पाहणीवर आधारलेला अभ्यास २००३ मध्ये आला. पासष्टीच्या आतल्या, कधीच बाळंत न झालेल्या स्त्रियांमध्येही गळतीचं प्रमाण सुमारे १० टक्के निघालं. सिझेरियन झालेल्यांत ते सुमारे १६, तर नैसर्गिक प्रसूती झालेल्यांत २१ टक्के होतं.

गळतीचा दुसराही एक प्रकार असतो: लघवीची अचानक, न थोपवता येणारी कळ येऊन गळणं. अशांचा दिवस वेगळ्या तऱ्हेने आखडतो. कुठे निघायचं तर आधी वाटेत स्वच्छतागृह आहे का ते पाहायचं. मुंबईत २०११ पासून चाललेल्या ‘राइट टू पी’ मोहिमेने सार्वजनिक मुताऱ्यांचा प्रश्न ऐरणीवर आणला. पण एरवी तासभर थांबू शकणाऱ्या बाईला जी गैरसोय होते, ती अशी कळ येणाऱ्या बाईला घराबाहेरच पडू देत नाही. मग पाणी कमी पिणं सुरू होतं. त्याने लघवी दाट होऊन कळा वाढतात आणि जंतुसंसर्गाचा धोकाही.

आपल्याकडे बाळंतिणीचं कौतुक कमी नसतं. सव्वा महिना तेलमालिश, शेक-शेगडी, पोट बांधणं, डिंकाचे लाडू. या सगळ्यात ओटीपोटाच्या तळाकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. फ्रान्समध्ये बाळंतपणानंतर याच स्नायूंच्या व्यायामाच्या सत्रांचा खर्च सरकारी आरोग्यविमा देतो. इथे टाके तपासायला गेलेल्या बाईला ‘शिंकताना लघवी गळते का?’ एवढं डॉक्टरांनी आपणहून विचारलं, तरी कितीजणींचे उपचार काही वर्षं आधी सुरू होतील.