श्रमिकांचा स्वतंत्र पक्ष : सातारा-सांगलीतील प्रयोग

शेतमजूर, कारखान्यातले कामगार आणि अल्पभूधारक शेतकरी यांनी मालकवर्गाच्या पक्षाच्या वळचणीला न जाता स्वतःचा पक्ष उभारावा, ही समाजवादी चळवळीतली जुनी भूमिका. मार्क्स आणि एंगल्स यांनी १८५० मध्ये कम्युनिस्ट लीगला पाठवलेल्या पत्रकात ती ठामपणे मांडली होती. निवडून यायची आशा नसली तरी कामगारांनी आपले उमेदवार उभे करावेत, म्हणजे आपली ताकद मोजता येते आणि आपले म्हणणे लोकांपुढे जाते, असे त्यांचे सांगणे होते. त्यावर आक्षेपही तितकाच जुना आहे. आमदारकीच्या मागे लागलेली चळवळ हळूहळू आमदारकीपुरतीच उरते. १९४९ पर्यंत एकच असलेल्या सातारा-सांगली जिल्ह्याने या वादाच्या दोन्ही बाजू अनुभवल्या आहेत.

इथली जमीन सत्यशोधकांनी आधीच नांगरून ठेवली होती. सावकार आणि भिक्षुकशाहीविरुद्ध १९२० च्या सुमारास साताऱ्यात शेतकऱ्यांचा उठाव झाला. त्याच मातीतून १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांच्या राजवटीला समांतर असे लोकांचे सरकार, उभे राहिले. गावोगाव न्यायदान मंडळे बसली, तुफान सेना तयार झाली, सावकारांना आणि गावगुंडांना जरब बसली. निवडणूक न लढवता लोकांनी सत्ता चालवल्याचे असे उदाहरण देशात फार थोड्या ठिकाणी सापडते. स्वातंत्र्यानंतर या कार्यकर्त्यांपुढे प्रश्न आला, की आता कोणत्या पक्षात जायचे?

एक वाट डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आधीच घालून दिली होती. त्यांचे बालपण साताऱ्यात गेले, शाळेचे पहिले धडेही त्यांनी इथेच गिरवले. १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि १९३७ च्या निवडणुकीत लढवलेल्या बहुतेक जागा जिंकल्या. कोकणातली खोती, म्हणजे कुळांवर खोतांची सत्ता चालवणारी जमीनपद्धत, रद्द करण्याचे विधेयक या पक्षाने आणले, तर कामगारांच्या संपाच्या हक्कावर बंधने घालणाऱ्या १९३८ च्या औद्योगिक विवाद विधेयकाविरुद्ध कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून मुंबईत संप केला. कायदेमंडळ आणि रस्ता अशी दोन्ही मैदाने एकाच वेळी सांभाळणारा असा पक्ष महाराष्ट्रात पुन्हा क्वचितच झाला. १९४२ मध्ये त्याची जागा शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने घेतली.

दुसरी वाट शेतकरी कामगार पक्षाची, म्हणजे शेकापची. केशवराव जेधे आणि शंकरराव मोरे यांनी १९४७-४८ मध्ये काँग्रेसच्या बाहेर पडून तो उभा केला आणि १९५० च्या दाभाडी अधिवेशनात त्याने मार्क्सवाद स्वीकारला. प्रतिसरकारमधले कितीतरी सैनिक, जी. डी. बापू लाड आणि नागनाथअण्णा नायकवडी यांच्यासारखे लोक, या लाल झेंड्याखाली आले. पण बहुजन समाज म्हणून एकत्र आलेल्यांत बागाईतदारही होता आणि त्याच्या बांधावर खुरपणारी भूमिहीन बाईही. या दोघांचे हितसंबंध एक नाहीत, हे पक्षाने कागदावर मान्य केले. पण गावात ते पुरेसे बोलले गेले नाही. शेकापची मोठी उणीव मला इथेच दिसते. पुढे जेधे आणि मोरे दोघेही काँग्रेसमध्ये परतले.

१९५७ साली संयुक्त महाराष्ट्र समितीच्या लाटेत डावे पक्ष एकत्र लढले. नाना पाटील कम्युनिस्ट पक्षातर्फे उत्तर साताऱ्यातून लोकसभेवर गेले. कराडमध्ये यशवंतराव चव्हाणांना शेकापच्या उमेदवाराने चांगलेच झुंजवले. मात्र समितीला जोडणारा दुवा मराठी भाषेच्या राज्याचा होता. १ मे १९६० रोजी राज्य मिळाले आणि तो सुटला. विरोधकांनाही आपल्यात सामावून घेणाऱ्या यशवंतरावांच्या बेरजेच्या राजकारणात शेकापचे अनेक कार्यकर्ते काँग्रेसकडे ओढले गेले.

मतांपेक्षा खोल काम केले ते सहकाराने. ऊस फडात उभा असतो, वजन रोज घटत असते, आणि तोडीची पाळी लावणे चिटबॉयच्या, म्हणजे कारखान्याच्या गावपातळीवरच्या नोकराच्या, हातात असते. पाळी पंधरा दिवस पुढे गेली की शेतकऱ्याचा वर्षाचा हिशेब कोलमडतो. ज्याच्या पॅनेलला मत दिले नाही, त्याच्याच कारखान्याला ऊस घालायचा ही धास्ती गुप्त मतदानानेही जात नाही. ऊसतोड मजुराची गाठ तर आणखी घट्ट. हंगामाआधी मजुरांची टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते. ती फिटेपर्यंत नवरा-बायकोचा कोयता मुकादमाचा. ऐन हंगामात मतदान आले तर नाव गावच्या यादीत आणि माणूस दूर कुठल्यातरी फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत. कोणताही पक्ष या रोजच्या बंधनांना हात न घालता त्यांच्याकडे फक्त मत मागायला गेला, तर त्याला स्वतंत्र म्हणण्यात अर्थ नाही.

वाळव्यात मात्र वेगळे घडले. नागनाथअण्णांनी हुतात्मा किसन अहिर साखर कारखाना काटकसरीने चालवला आणि उसाला चढा दर देऊन आसपासच्या कारखान्यांवर दबाव आणला. १९५७ मध्ये आमदार झालेले अण्णा १९८५ मध्ये अपक्ष म्हणून पुन्हा निवडून आले. त्यांच्यामागे कारखाना, शाळा आणि चळवळ उभी होती, म्हणून पक्षाच्या चिन्हावाचून त्यांचे अडले नाही. तरीही ही ताकद एका माणसाभोवती गोळा झालेली होती, तिचा पक्ष झाला नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईचा गिरणी संप सुरू झाला आणि खानापूर तालुक्यातले गिरणी कामगार गावी परतले. वर दुष्काळ. त्यांनी आणि गावकऱ्यांनी मुक्ती संघर्ष चळवळ उभारली. १९८० मध्ये स्थापन झालेल्या श्रमिक मुक्ती दलाचे डॉ. भारत पाटणकर आणि गेल ऑम्वेट त्यात होते. येरळा नदीची वाळू ठेकेदार उपसून नेत होते. लोकांनी ती स्वतः विकून पैसा उभा केला आणि बळीराजा स्मृती धरण बांधले. त्यातले पाणी भूमिहीन कुटुंबांनाही समान वाट्याने मिळावे, हे तत्त्व ठरले. १९९३ पासून आटपाडीच्या पाणी परिषदांमध्ये नागनाथअण्णा, सांगोल्याचे शेकाप आमदार गणपतराव देशमुख आणि पाटणकर एका व्यासपीठावर आले. तेरा दुष्काळी तालुक्यांचा पाण्याचा हक्क हा तिथला मुद्दा होता. निवडणूक लढवणारे आणि निवडणुकीपेक्षा लढ्यावर भर देणारे अशा दोघांनाही तिथे जागा होती. त्या परिषदांतून सामाईक उमेदवारांची यादी मात्र कधी निघाली नाही.