वाऱ्याचं मोजमाप पडलेल्या घरांवरून

13 मे 2024 ची दुपार मुंबईकर विसरलेला नाही. आभाळ बघता बघता मातकट झालं, धुळीचा लोट आला आणि घाटकोपरला पेट्रोल पंपावर 120 बाय 120 फुटांचं होर्डिंग कोसळून 17 माणसं गेली. त्या रात्री आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकच शब्द फिरत होता, टोर्नेडो.

सकाळी गल्लीत उतरलो. गुलमोहराच्या फांद्या, कोणाच्या तरी गॅलरीतले पत्रे, कुंड्या, सगळं एकाच दिशेला लवंडलेलं होतं. टोर्नेडोची खूण अशी नसते. तो गरगर फिरत पुढे सरकतो, त्यामुळे त्याच्या वाटेच्या एका बाजूची झाडं एकीकडे, तर दुसऱ्या बाजूची उलटीकडे पडतात. आमच्याकडे आला तो वळवाच्या ढगातून खाली कोसळलेल्या थंड हवेचा लोट. वरून बादली ओतल्यावर पाणी फरशीवर पसरतं, तशीच ही हवा जमिनीवर आपटून सुसाट धावते.

पडझडीवरून वारा वाचण्याची ही विद्या तेत्सुया फुजिता या शास्त्रज्ञाने घडवली. अणुबॉम्बनंतर काही आठवड्यांनी त्यांनी हिरोशिमा आणि नागासाकीची पाहणी केली होती. तिथली झाडं एका बिंदूपासून चहूकडे आडवी झालेली त्यांनी पाहिली. पुढे अमेरिकेत वादळाची पाहणी करताना विमानातून खाली तशीच नक्षी दिसली, आणि ढगातून कोसळणाऱ्या हवेचं कोडं सुटायला लागलं. 1971 मध्ये त्यांनीच टोर्नेडोची प्रतवारी मांडली. 2007 पासून तिची सुधारित (एन्हान्स्ड फुजिता, म्हणजे ईएफ) आवृत्ती वापरात आहे, सर्वांत दुबळ्या ईएफ-0 पासून सर्वांत भयंकर ईएफ-5 पर्यंत.

या प्रतवारीतली खरी गोम लोकांना माहीत नसते. तिच्यात वारा मोजत नाहीत. वादळ निघून गेल्यावर तज्ज्ञ गावात जातात, काय पडलं, किती पडलं, बांधकाम कसं होतं हे पाहतात आणि त्यावरून वेगाचा अंदाज बांधतात. 31 मे 2013 रोजी ओक्लाहोमातल्या एल रेनो गावाजवळ तब्बल 4.2 किलोमीटर रुंदीचा टोर्नेडो आला. गाडीवर बसवलेल्या रडारने त्यात ताशी 450 किलोमीटरहून जास्त वेग टिपला. तरी त्याला दर्जा मिळाला ईएफ-3, कारण त्याची वाट मुख्यतः मोकळ्या रानातून गेली. पाडायलाच काही नव्हतं.

संख्येचं म्हणाल तर अमेरिकेच्या जवळपासही कोणी नाही. तिथे वर्षाला साधारण 1200 टोर्नेडोंची नोंद होते, एकट्या टेक्सासमध्ये शंभराहून जास्त. मेक्सिकोच्या आखाताकडून दमट, उबदार हवा येते, रॉकी पर्वताकडून कोरडी हवा तिच्यावर झाकणासारखी बसते, आणि त्याहून वर वेगवान पश्चिमी वारे वाहत असतात. झाकण फुटलं की ढग उसळतो आणि निरनिराळ्या उंचीवरच्या वाऱ्यांच्या ओढाताणीत गरगरू लागतो. ब्रिटनमध्ये वर्षाला तीसेक टोर्नेडो होतात. त्या चिमुकल्या बेटाच्या मानाने ही संख्या बरीच आहे, पण बहुतेक दुबळे, कौलं उडवून जाणारे.

अमेरिकेतही बहुतेक टोर्नेडो ईएफ-0 किंवा ईएफ-1 असतात. ईएफ-4 आणि ईएफ-5 जेमतेम शंभरात एक-दोन, आणि निम्म्याहून जास्त बळी तेच घेतात. शिवाय टोर्नेडोंसाठी सपाट मैदानी राज्यं प्रसिद्ध असली, तरी माणसं जास्त मरतात ती अलाबामा, मिसिसिपीच्या बाजूला. तिथे टोर्नेडो अनेकदा रात्री येतात, झाडीमुळे दिसत नाहीत, आणि पायाला न बांधलेली हलकी फिरती घरं पुष्कळ आहेत.

आता आपल्या उपखंडाकडे या. 26 एप्रिल 1989 च्या संध्याकाळी बांगलादेशात माणिकगंज जिल्ह्यातल्या दौलतपूर आणि साटुरिया भागावरून टोर्नेडो गेला. सुमारे 1300 माणसं मेली. एवढा जीवघेणा टोर्नेडो जगाच्या नोंदीत दुसरा नाही. 22 मे 2011 रोजी अमेरिकेत मिसुरीतल्या जॉप्लिन शहरावरून ईएफ-5 गेला, तेव्हा दीडशेहून अधिक माणसं गेली. जॉप्लिनमध्ये सुमारे 20 मिनिटं आधी भोंगे तरी वाजले होते. साटुरियाच्या पत्र्याच्या आणि कुडाच्या घरांत असा इशारा कुठे होता?

आपल्याकडेही टोर्नेडो येतात. 17 मार्च 1978 ला उत्तर दिल्लीत, विद्यापीठाच्या परिसरात काही मिनिटांत 28 माणसं गेली. 24 मार्च 1998 ला ओडिशा आणि पश्चिम बंगालच्या सीमेवरच्या गावांत शंभराहून जास्त. बंगालमध्ये मार्च ते मे या काळात खाली बंगालच्या उपसागराची दमट हवा, मधे छोटा नागपूरच्या पठाराकडून येणारी कोरडी हवा आणि वर पश्चिमी झोत असा टेक्साससारखाच थर जमतो. बंगाली माणूस ज्याला काळबैशाखी म्हणतो, त्या वादळांतूनच क्वचित टोर्नेडो निघतो. मात्र खेड्यातल्या नोंदी तुटपुंज्या आहेत, त्यामुळे नकाशावर आपला भाग रिकामा दिसतो. अमेरिकेतले आकडेसुद्धा 1990 च्या दशकात ढगातल्या वाऱ्याचा वेग टिपणाऱ्या डॉप्लर रडारचं जाळं आल्यावर वाढले, आणि वाढले ते मुख्यतः दुबळे टोर्नेडो. पूर्वीही ते होत असणारच, फक्त कोणी मोजत नव्हतं.

मुंबईत हा थर सहसा जमत नाही. पावसाळ्यात इथली हवा खालपासून वरपर्यंत ओलीच असते, कोरडं झाकण बसत नाही. वळवाच्या दिवसांत दमट हवा असते, पण वरचा पश्चिमी झोत तोवर उत्तरेला सरकलेला असतो.

मला काळजी वाटते ती दुसऱ्याच आकड्याची. ईएफ-0 ताशी 105 किलोमीटरपासून सुरू होतो. 17 मे 2021 ला तौक्ते चक्रीवादळ समुद्रातून नुसतं शेजारून गेलं, तेव्हा कुलाब्याला याहून जास्त वेगाचे झोत नोंदले गेले. आमच्या इमारतीमागच्या वस्तीत दर मे महिन्यात पत्र्यांवर निळी ताडपत्री चढते. ती उडू नये म्हणून माणसं वर जुने टायर, विटा, फुटक्या फरश्या ठेवतात. तशा वाऱ्यात पहिल्यांदा खाली येतात त्या याच विटा, खालच्या बोळातल्या माणसांच्या डोक्यावर.